चुकलं-माकलं

गाडीच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या आणि त्याचा दोष मी माझ्या वहिनीला दिला. भर दुपारी, खळ्यात, शेजारच्या दोघी जावा तिच्यासोबत कोकमं फोडायला बसलेल्या असताना दिला. मी शाळेत विज्ञान शिकवतो. परिणाम दिसला म्हणून लगेच कारण ठरवू नका, आधी नीट बघा, हे मी सव्वीस वर्षं मुलांना सांगत आलोय. त्या दुपारी मी काहीही बघितलं नव्हतं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे स्वतःची बाजू मांडायचा मोह होईल, आणि मला बाजू चांगली मांडता येते.

आमचं घर रत्नागिरीहून पालीकडे जाताना हमरस्त्यापासून थोडं आत आहे. घर दोन भावांचं. थोरला दादा एसटीत ड्रायव्हर होता, सहा वर्षांपूर्वी गेला. त्याची मुलगी लग्न होऊन पुण्याला असते. आता एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला मी आणि माझी बायको, आणि चूल एकच. पुढ्यात खळं, म्हणजे घरापुढचं चोपून सपाट केलेलं अंगण. दादाने शेवटच्या वर्षांत तिथे जांभ्याचे चिरे बसवून घेतले. शोभेसाठी नव्हे. वहिनी तिथे आमसुलं करते. कोकमाची सालं फोडून काढायची, त्याच फळाच्या रसात मीठ घालून त्यात बुडवायची, उन्हात पसरायची, सुकली की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. अशी सहा-सात पुटं द्यावी लागतात. मातीत सुकवलेली आमसुलं धुवावी लागतात आणि धुतली की पुटांची मेहनत पाण्याबरोबर जाते. म्हणून ते चिरे. मुंबईला, पुण्याला तिची ठरलेली गिऱ्हाइकं आहेत. दादाची पेन्शन नावालाच, त्यामुळे वर्षाची तिची स्वतःची कमाई म्हणजे एप्रिल-मेचं ते ऊन.

आता गाडीचं. मी गावात राहिलो. माझ्याबरोबरचे बहुतेक सगळे मुंबईला गेले आणि गणपतीला गाड्या घेऊन यायला लागले. मला कोणी वाकडं बोललं असं नाही. उलट म्हणायचे, "तू बरा रे, हवा चांगली, मासळी ताजी." पण दर वर्षी एक वाक्य ठरलेलं असायचं. कोणीतरी गाडीची काच खाली करून ओरडायचा, "मास्तरांची स्कूटर जरा सरकवा रे, गाडी लावायचीय!" आणि मीच धावत जाऊन सरकवायचो. हसत. वीस वर्षं मी ती स्कूटर सरकवली. पन्नाशी उलटल्यावर एका जानेवारीत मुंबईच्या उपनगरात जाऊन मी अकरा वर्षं जुनी जर्मन गाडी घेतली. काळी, लांब. नव्या छोट्या गाडीच्या किमतीत. विकणारा म्हणाला, "मालक डॉक्टर होते सर, फक्त दवाखान्यात जायचे-यायचे." मला नंतर कळलं की जुन्या गाड्यांचे मालक नेहमी डॉक्टरच असतात. पण तेव्हा मी दार लावून आत बसलो होतो. दार लागल्याचा आवाज आला नाही, बाहेरचे आवाज मात्र बंद झाले. त्या शांततेसाठी मी ठेव मोडली.

बायकोला किंमत सांगितली. पुढचा खर्च सांगितला नाही, कारण तो मलाच ठाऊक नव्हता. गाडी जुनी होते, तिची किंमत उतरते, पण तिच्या भागांच्या किमती उतरत नाहीत. त्या आजही पहिल्या श्रीमंत मालकाच्या ऐपतीच्याच असतात. मला गाडी परवडली होती. तिचा उजवा आरसा परवडत नव्हता.

गाडी घरी आली तेव्हा वहिनीने तिच्याभोवती एक फेरी मारली. एसटी ड्रायव्हरची बायको. खाली वाकून बघितलं.

"भावोजी, हिचं पोट जमिनीला टेकतंय ओ. गाभण म्हशीगत."

"वहिनी, ती तशीच असते. वेगात स्थिर राहते."

"वेगात? आपल्या पाणंदीत?" ती हसली. "तुमचे दादा असते तर पहिला प्रश्न काय केला असता सांगू? हिचे पार्ट कुठच्या डेपोत मिळतात?"

मी हसलो नाही. मला ते लागलं. एवढ्यावर मला लागायला लागलं होतं, ही खूण तेव्हाच ओळखायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी गाडी ग्रामदेवीच्या देवळापुढे नेली. आमच्याकडे नवं काही आलं की मानकरी देवापुढे गाऱ्हाणं घालतात. आमच्या वाडीतल्या वयस्क मानकऱ्यांनी नारळ हातात घेतला आणि त्यांच्या ठेवणीतल्या चढ्या सुरात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान् गाडी घेतलान् हाय, तिच्या वाटंत कंचाबी इघ्न नको येऊ देव रे म्हाराजा!" आणि आम्ही पाच-सहा जण मागून, "व्हय म्हाराजा!" शेवट नेहमीचाच, "कळत नकळत काय चुकला-माकला आसंल तर पोटात घाल रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" मग तो नारळ माझ्या हातात देऊन म्हणाले, "हा फोडू नको. गाडीतच ठेव. राखण करील."

विज्ञानाच्या शिक्षकाच्या गाडीत पुढे काचेशी नारळ दिसला तर शाळेत काय म्हणतील? पण फेकायचीही हिंमत नव्हती. मी डिकीतली चटई उचलली, खाली जादा चाकाचा खोलगट कप्पा होता, त्यात नारळ शेंडीसकट बसवला आणि चटई अंथरली. आणि विसरलो. खरंच विसरलो. लपवलेली गोष्ट माणूस लवकर विसरतो.

पुढचे तीन महिने मी निवांत बसलो असेन असं मला आठवत नाही. ह्या गाडीला स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या होत्या. एखादी पिशवी गळायला लागली की रात्रभरात गाडी त्या कोपऱ्यावर बसायची. सकाळी उठलो की तोंड धुवायच्या आधी मी खिडकीतून गाडी कुठच्या पायावर बसलीय ते बघायचो. मग समोरच्या पट्टीवरचे दिवे. पिवळा लागला की दिवसभर वर्गात माझं लक्ष नसायचं, लाल लागला की जेवण जायचं नाही. एक सेन्सर बदलला तेव्हा अर्धा पगार गेला आणि आठवड्याने तोच दिवा पुन्हा लागला. आंब्याचा चीक पडून रंग जळतो म्हणून मी गाडी झाडाखालून काढून खळ्यात आणली, ऐन उन्हाच्या बाजूला. वरून झाकण. कोंबड्या झाकणावर चढतात म्हणून कोंबड्यांवर ओरडलो, माकडं उड्या मारतात म्हणून माकडांवर. घरातली माणसं खळ्यातून अंग चोरून चालायला लागली. वहिनी डोक्यावरची पाटी गाडीला लागू नये म्हणून तिरकी होऊन जायची, आणि मी खिडकीतून ते बघत असायचो. बघत असायचो, म्हणजे पाटी लागते का ते बघत असायचो.

कोकमं आली तेव्हा ती काही न बोलता सावलीकडच्या बाजूला सरकली. तिथे ऊन दुपारनंतर यायचं. जिथे पुट एका दिवसात सुकायचं तिथे दोन दिवस लागायला लागले. हे तिने सांगितलं नाही, बायकोने सांगितलं. मी म्हटलं, "बघतो." बघितलं नाही.

एप्रिल सरता सरता एका सकाळी गाडी सुरूच होईना. समोरच्या पट्टीवर सगळे दिवे एकदम लागले, जत्रेसारखे. रत्नागिरीत तिला हात लावायला कोणी तयार होईना, म्हणून मागून सपाट असलेला ट्रक बोलावला आणि तिला चढवून कोल्हापूरला घेऊन निघालो. मी ट्रकच्या ड्रायव्हरशेजारी. दादाने ज्या आंबा घाटातून वर्षानुवर्षं एसटी नेली, त्या घाटातून माझी गाडी दुसऱ्याच्या पाठीवर बसून चालली होती. आरशात तिचं तोंड दिसत होतं. ड्रायव्हर म्हणाला, "भारी गाडी आहे राव. अशा महिन्याला दोन तरी नेतो मी."

कोल्हापूरच्या गॅरेजात बॉनेट उघडून त्यांनी मला वायरींचा कुरतडलेला जुडगा दाखवला. जुडगा जोडता येत नाही म्हणाले, पूर्ण बदलायचा. आकडा ऐकून मी खुर्चीत बसलो. मग त्या माणसाने सहज विचारलं, "गाडी लावता तिथं आसपास खायचं काही असतं का? धान्य, बिया?"

"वहिनी काजूबिया सुकवते. कोकमं पण."

"मग झालं," तो म्हणाला.

हे "मग झालं" मी चार तास एसटीतून डोक्यात घेऊन आलो. रात्र कोल्हापुरात काढून दुसऱ्या दिवशी घरी पोचलो तेव्हा दुपार होती. खळ्याच्या सावलीकडच्या भागात वहिनी आणि त्या दोघी जावा बसल्या होत्या. हात मनगटापर्यंत लाल. चटयांवर पहिल्या पुटाची सालं. वहिनी म्हणाली, "आलात भावोजी? काय म्हणाले डाक्टर गाडीचे?" दोघी हसल्या.

त्या हसण्यावर मी फुटलो. मी काय बोललो ते मला शब्दाशब्दाने आठवतं. "तुमच्या ह्या चार पैशांच्या आमसुलांपायी माझी गाडी गेली. उंदीर पोसून ठेवलेत तुम्ही. खळं काय एकट्या तुमचं आहे? माझं पण आहे."

बायको दारात येऊन उभी राहिली. त्या दोघींनी माना खाली घातल्या. वहिनीने फोडत असलेलं कोकम पुरं फोडलं, बिया काढल्या, साल चटईवर ठेवली आणि म्हणाली, "बरं भावोजी."

संध्याकाळपर्यंत खळं रिकामं झालं होतं. पहिल्या पुटाची सगळी सालं तिने त्या दोघींना वाटून टाकली. त्यांचीही त्या वर्षीची दीड महिन्याची मजुरी गेली, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मे महिनाभर परसातल्या रातांब्याखाली पिकलेली कोकमं पडून होती, पायाखाली येऊन जमीन लाल व्हायची. वहिनीला फोन यायचे. मला आतून ऐकू यायचं, "नाय ओ ताई, यंदा नाय केली. नाय, तब्येत बरी हाय. यंदा नाय एवढंच." कारण तिने कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी भांडलो असतो.

गाडी दुरुस्त होऊन आली ती रिकाम्या खळ्यात, मधोमध. एका रविवारी जेवायला सोलकढी होती. पहिल्याच घोटाला मीठ जिभेवर आलं, आणि मागून एक उग्र वास.

मी म्हटलं, "आज कढी वेगळी लागतेय."

"बाजारची आमसुलं," वहिनी म्हणाली. "आणखी वाढू?"

मी वाटी पुढे केली. नाही म्हणायची सोय नव्हती.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. दुसऱ्याच आठवड्यात, मधल्या सुट्टीत, शाळेच्या आवारात गाडी पुन्हा मेली. ह्या वेळी पूर्णच. दारंही उघडेनात. सहकारी छत्र्या घेऊन गोळा झाले. "सर, धक्का मारू या का?" "अरे हिला धक्का पण परवानगीशिवाय मारता येत नाही!" तेही खरं होतं, चाकं जाम झाली होती. शेवटी एमआयडीसीतला एक मिस्त्री आला. वीस वर्षं आखातात अशाच गाड्यांवर काम करून नुकताच परतलेला, पांढरी दाढी, कोणाचंही नाव न विचारता सगळ्यांना सर म्हणणारा. चावीच्या आत एक छोटी चावी लपलेली असते ती त्याने काढली आणि बॉनेटकडे न जाता डिकीकडे गेला.

"बॅटरी मागं असते सर हिची. ठाऊक नव्हतं?"

नव्हतं. त्याने डिकीतली चटई उचलली आणि तसाच थांबला.

"सर, हा तुमचा?"

जादा चाकाच्या कप्प्यात नारळ होता. डोळ्याच्या जागी अंगठा जाईल एवढं गोल भोक. शेंडी पिंजून पिंजून तिचं घरटं केलेलं, त्यात लेंड्या, आणि घरट्यातून बॅटरीकडे जाणाऱ्या वायरी उघड्या पडलेल्या.

"देवाचा आहे म्हणून मी हात लावत नाय, तुम्हीच काढा," तो म्हणाला. मी काढला. हाताला काही वजनच लागलं नाही. आत खोबऱ्याचा कणही उरला नव्हता.

"हा जुना मामला आहे सर. चार-पाच महिन्यांचं बिऱ्हाड. जेवण इथं, हिंडायला पुढे बॉनेटमध्ये. तिकडे शेख लोकांच्या डिकीत खजूर सापडायचे, हेच व्हायचं." मग माझा चेहरा बघून हळू म्हणाला, "होतं सर. देवाने कुठं सांगितलं होतं डिकीत ठेव म्हणून?"

गाडीचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. तिच्या दुरुस्तीला पैसे उरले नव्हते, ती हमरस्त्यावरच्या एका शेडमध्ये झाकून ठेवली, आजही गिऱ्हाईक नाही. मी पुन्हा स्कूटरवर आलो. पण तो नारळ मला घरी नेता येईना. टाकता येईना. तो मी प्रयोगशाळेच्या कपाटात चंचुपात्रांच्या मागे ठेवला आणि कुलूप लावलं. म्हणजे पुन्हा लपवला.

मग सुरू झाली ती येरझार. घरात बसलो की उठावंसं वाटायचं, वहिनी एकटी दिसली की मागच्या दाराने जायचो. एकदा धीर करून म्हटलं, "वहिनी, खळं आता मोकळंच आहे. काय सुकवायचं ते सुकवा."

"कशाला ओ?" ती वर बघत म्हणाली. "ऊन कुठाय आता?"

एकदा तिच्यासाठी रत्नागिरीतून पापलेट आणलं. तिने ते छान केलं, आम्हाला वाढलं आणि स्वतः डाळभात खाल्ला. सोमवार होता, सोमवारी ती मासळी खात नाही हे मला तीस वर्षं ठाऊक आहे. मला माफी मागायची होती, पण माफी मागितल्याशिवाय ती मिळाली तर हवी होती.

गणपती आले. मुंबईकर आले. स्कूटर सरकवा म्हणाले, मी सरकवली. दुसऱ्या दिवशी आरती झाली, मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, शेवटी तेच, "चुकला-माकला आसंल तर..." सगळे म्हणाले व्हय म्हाराजा, मीही म्हणालो. मग थोरांच्या पाया पडायची रीत. मी वहिनीपुढे वाकलो आणि त्या गर्दीत, त्या आवाजाच्या आडोशाने म्हणालो, "वहिनी, माझं काही चुकलं-माकलं असेल तर पोटात घाला."

मला वाटलं सुटलो. तिने मला उठवलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "भावोजी, तसं देवाला सांगायचं असतं. त्याला ठाऊक असतं काय चुकलं ते. मला कुठं ठाऊक आहे? तुम्ही सांगाल तेव्हा कळेल."

बायको आरतीचं तबक घेऊन शेजारीच उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली.

मी आयुष्यभर ते वाक्य ऐकत आलो होतो आणि त्याला असलेलं दार त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. असेल तर. म्हणजे नसेलही. आणि माकलं म्हणजे काय? कोणालाच सांगता येणार नाही. चुकलं ह्या शब्दाला एकटं वाटू नये म्हणून तो दिलेला असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या शिपायाच्या घरी गेलो. सुट्टी होती, तो उकडीचे मोदक खात बसला होता. "प्रयोगशाळेची चावी? आत्ता? सर, काय पेटलंय की काय?" मी म्हटलं, "हो, तसंच." नारळ पिशवीत घालून घरी आलो.

वहिनी मागच्या पडवीत विळीवर बसून खोबरं खवत होती. त्या दोघी जावा पलीकडच्या गडग्याशी, म्हणजे आमच्यामधल्या दगडी बांधापाशी, दूर्वा निवडत होत्या. मी नारळ तिच्यापुढे ठेवला. तिने सवयीने तो हलवून कानाशी नेला.

"ह्यात काय नाय वाटतं." मग भोक दिसलं. "उंदरांनी खाल्लाय."

"वहिनी," मी म्हटलं, "हा देवळातला. गाडीच्या डिकीत मी ठेवला होता. उंदीर ह्याला आले होते. तुमच्या आमसुलांना नव्हते आले. मी तुम्हाला चार पैशांची आमसुलं म्हटलं. खळं माझं पण आहे म्हटलं. दादाने ते चिरे तुमच्यासाठी बसवले होते, हे ठाऊक असून म्हटलं. तुमचं वर्ष गेलं माझ्यामुळे. माझं चुकलं."

तिने खवण्याचं थांबवलं होतं. नारळ फिरवून फिरवून बघत होती.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"जूनमध्ये."

"जूनमध्ये," ती म्हणाली. "आणि आता भाद्रपद."

"हो. तेही माझं चुकलं."

तिने पदराने हात पुसले, नारळ माझ्या हातात परत दिला आणि गडग्याकडे तोंड करून हाक मारली, "अगो, जरा या गो इकडे दोघी. दूर्वा राहू देत. भावोजींना काय सांगायचंय."

त्या आल्या. तिघी माझ्यापुढे उभ्या राहिल्या, एप्रिलमध्ये बसल्या होत्या तशाच, वहिनी मध्ये. बायको आतून येऊन चौकटीला टेकली. मी नारळाचं भोक त्यांना दिसेल असा हात पुढे केला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, त्यांच्या दीड महिन्याच्या मजुरीसकट. शेवटी म्हणालो, "त्या दिवशी मी तुमच्यासमोर वहिनींना बोललो. ते खोटं होतं. माझं चुकलं."